हवा खायला पाठवलेला माणूस

माझ्या नवऱ्याला सूड घेता येत नाही, असं मी एकवीस वर्षं लोकांना सांगत आले. शेजारच्या ग्रेडीने आमच्या हद्दीत दोन फूट आत कुंपण घातलं, तेव्हा कॉर्नेल त्याला खांब रोवायला मदत करत होता. सख्खी बहीण आईची सगळी भांडी उचलून डेट्रॉइटला घेऊन गेली, तेव्हा हा तिच्या गाडीत खोकी चढवत होता आणि वर "काचेचं खालती ठेवू नकोस" असं सांगत होता. त्यामुळे आमच्या घरात राग धरण्याचं काम पहिल्यापासून माझ्याकडे आहे. मी ते मन लावून करते. रोज पहाटे टोलेडोच्या थंडीत शाळेची बस बाहेर काढते, पासष्ट कार्टी गोळा करते, आणि प्रत्येक लाल दिव्याला थांबले की वेन्डल प्रुइटचं वाटोळं होवो असं मनात म्हणून घेते. आमच्या रस्त्यावर लाल दिवे पुष्कळ आहेत.

कॉर्नेल स्वाफर्ड हे नाव तुम्ही ऐकलं नसेल. लुईव्हिलकडून तो पाच वर्षं व्यावसायिक फुटबॉल खेळला, पण त्याच्या नावाचे सदरे कधी दुकानात लागले नाहीत. तो चेंडू घेऊन पळायचा. फेकलेला चेंडू झेलायचा. दीडशे किलोच्या माणसाला छातीवर घेऊन अडवायचा. शाळेत असताना तर चेंडू फेकणारा क्वार्टरबॅकही तोच होता. असा हरहुन्नरी माणूस संघात असला की प्रशिक्षकाची अक्कल किती ते लगेच कळतं.

पहिली तीन वर्षं त्याला लेमर हॅच नावाचा म्हातारा प्रशिक्षक मिळाला. हॅचला एक गोष्ट पक्की ठाऊक होती. चढाई करणारे अकरा जण पाहून समोरचा बचाववाला आपले अकरा ठरवतो. तुम्ही दांडगे आणलेत तर तो दांडगे आणतो, तुम्ही चपळ आणलेत तर तो चपळ आणतो. हॅच माणसं बदलायचाच नाही. कॉर्नेल क्वार्टरबॅकच्या मागे उभा राहायचा, म्हणजे आता हा चेंडू घेऊन घुसणार असं वाटून समोरचा दांडगे घेऊन यायचा. मग कॉर्नेल नुसता चालत चालत मैदानाच्या कडेला जाऊन उभा राहायचा. त्याच्यावर नजर ठेवायला एखादा दांडगा धापा टाकत त्याच्या मागे यायचा, आणि कॉर्नेल त्याला तिथेच सोडून पळायचा. पुढच्या वेळी समोरच्याने चपळ आणले की कॉर्नेल परत आत येऊन त्या किरकोळ पोरांच्या अंगावरून जायचा. माणसं तीच, फक्त हा दहा पावलं इकडे नाहीतर तिकडे.

"दहा कामं येणाऱ्याला दहा कामांना जुंपायचं नसतं," हॅच म्हणायचा. "समोरच्याला एकच प्रश्न दहा वेळा विचारायला वापरायचं. तो दर वेळी चुकला पाहिजे."

मग हॅच निवृत्त झाला आणि प्रुइट आला. प्रुइटच्या लेखी हरहुन्नरी माणूस म्हणजे ठिगळ. जिथे फाटलं तिथे लाव. कोणाचा गुडघा गेला, कॉर्नेलला घाल. कोणाचा खांदा निखळला, कॉर्नेलला घाल. सोमवारी एक जागा, गुरुवारी दुसरी, आणि रविवारी सामन्यात तिसरीच. ज्या कामाचा तासभरही सराव नाही त्यात माणूस कधीतरी चुकणारच. तो चुकला की प्रुइट ओरडायचा नाही. ओरडला असता तर परवडलं असतं. तो आपल्या डाव्या बाहीवरचा पावाचा चुरा झटकावा तशी दोन बोटं झटकायचा आणि म्हणायचा, "जा, हवा खा."

हवा खायची म्हणजे मैदानाच्या अगदी कडेला जाऊन उभं राहायचं. तीन चाली. त्या तीन चालींत चेंडू तुमच्याकडे येणार नाही. क्वार्टरबॅकने तुमच्याकडे बघायचंसुद्धा नाही. लोकांना वाटतं हा झेल घ्यायला उभा आहे, समोरचा बिचारा आपला एक माणूस याच्यावर अडकवून ठेवतो, आणि उभा असलेल्याला ठाऊक असतं की आपल्याला कोपऱ्यात उभं केलंय. तिशीच्या घरातल्या, दोन पोरांच्या बापाला. मी वर बायकांच्या रांगेत बसून हे दोन वर्षं पाहिलं. हवा खाल्ली त्या दिवशी कॉर्नेल घरी येऊन पोरांशीसुद्धा बोलायचा नाही. मी मांसाचा रस्सा पुढे ठेवायची आणि तो चमचा हातात धरून बसायचा.

शेवटी प्रुइटने त्याला काढलं. काढलं ते काढलं, वर पत्रकारांना सांगितलं, "स्वाफर्ड सगळं करतो, पण एकही काम नीट करत नाही." झालं. ते वाक्य त्याच्या आधी प्रत्येक संघाच्या दारात जाऊन बसलं. सात ठिकाणी चाचणी दिली, सातही ठिकाणी कोणीतरी हसून तेच वाक्य त्याला ऐकवलं. आम्ही माझ्या माहेरी टोलेडोला आलो. कॉर्नेल काचेच्या कारखान्यात लागला आणि सहा वर्षं त्याने काचांच्या थप्प्या इकडून तिकडे नेल्या. प्रुइट मात्र तिकडे मोठा होत गेला. मासिकांत त्याचे फोटो यायचे. दंतवैद्याच्या प्रतीक्षागृहात असा एक फोटो मला सापडला, तो मी तिथेच फाडला. माझ्यासमोर बसलेल्या बाईने पर्स छातीशी धरली.

टोलेडोच्या संघाचा बचाव सांभाळणारा गस मिकुलिच कारखान्याजवळच्या खानावळीत दुपारी पिरोगी, म्हणजे बटाटा भरलेल्या उकडलेल्या करंज्या, खायला यायचा. तिथे त्याने कॉर्नेलला ओळखलं. "तुझ्यापायी माझी एक नोकरी गेली होती रे," तो म्हणाला. "हॅचच्या वेळी. तू बाहेर चालत गेलास की मागे कोणाला पाठवू तेच मला कळायचं नाही." आठवड्याभरात त्याने कॉर्नेलला आपल्याकडे घेतलं. काम साधं दिसतं, पण सोपं नाही. वर काचेच्या खोलीत दुर्बीण घेऊन बसायचं. समोरच्याचे कोण कोण मैदानात धावत आले ते चार सेकंदांत ओळखायचं आणि खाली गसच्या कानात आकडा सांगायचा. "अकरा." "बारा." "एकवीस." पहिला अंक पळणाऱ्यांचा, दुसरा रांगेच्या टोकाला उभं राहून अडवणाऱ्या-झेलणाऱ्यांचा. त्या आकड्यावरून गस आपली माणसं ठरवतो. आकडा चुकला की चढाईवाला तुमचं घर लुटून जातो. तीन वर्षांत कॉर्नेल दोनदा चुकला. दोन्ही वेळा त्याने स्वतःहून सांगितलं, नाहीतर गसला कळलंही नसतं.

आणि मग त्या जानेवारीत बाद फेरीत लुईव्हिल आमच्याकडे आलं. हरेल त्याचा हंगाम संपला.

लुईव्हिलकडे जॅरल बॉगन नावाचा नवा हरहुन्नरी खेळाडू होता. सव्वीस वर्षांचा, मिसिसिपीचा, चालणं असं की जणू याला कुठेच जायची घाई नाही. प्रुइटच्या हाताखाली कोणीतरी शहाणा माणूस आला असणार, कारण बॉगनला ते अगदी हॅचच्या पद्धतीने वापरत होते. माणसं न बदलता आत, बाहेर, परत आत. सगळ्या लीगची भंबेरी उडाली होती. गस आठवडाभर झोपला नव्हता.

"बॉगन आला की अकरा म्हणू का एकवीस म्हणू, तेच ठरत नाही," गुरुवारी न्याहारीला कॉर्नेल म्हणाला. "त्याला पळणारा मोजला तर तो झेलतो. झेलणारा मोजला तर अंगावर येतो."

"मग हवेचं सांग की त्यांना," मी म्हटलं.

त्याने टोस्टला लोणी लावणं चालू ठेवलं.

"ऐकलंस का? प्रुइट बदललेला नाही. मागच्या महिन्यात टीव्हीवर मी बघितलं, बॉगनच्या हातून चेंडू सुटला आणि त्या मेल्याने बाही झटकली. मोजून तीन चाली पोरगा कडेला उभा. कोणाच्या लक्षातही आलं नाही. ज्याने हवा खाल्लीय त्यालाच ते कळणार ना?"

"जून, ते मला लुईव्हिलच्या घरात राहून कळलेलं आहे. घरातलं बाहेर सांगत नाहीत."

"घर? कसलं घर? त्यांनी तुला घरात घेतलं होतं की पायपुसणं केलं होतं? सहा वर्षं काचा उचलल्यास तू. तुझ्या हातावरचे व्रण मी मोजलेत. बोल, आहेत का प्रुइटच्या हातावर?"

"ओरडू नकोस, मुलं उठतील."

"उठू देत! त्यांनाही कळू दे त्यांचा बाप किती संत आहे ते!"

तो उठला, बशी धुतली, पुसून फडताळात ठेवली. दारात बूट घालताना म्हणाला, "बघू." कॉर्नेलचं "बघू" म्हणजे बहुतेक वेळा नाही. मी त्याच्या पाठीमागे कपाटाचं दार आपटलं. कपाटाचा काय दोष होता कोण जाणे.

रविवारी एक वाजता सामना सुरू झाला. सरोवरावरून असा वारा येत होता की कॉफी तोंडापर्यंत नेईतो गार व्हायची. वर काचेच्या खोलीत आणि खाली गसच्या कानात काय बोलणं झालं ते मला नंतर कॉर्नेलनेच सांगितलं, आणि तो खोटं बोलत नाही. निदान तोपर्यंत तरी बोलला नव्हता.

चौथा डाव. सहा मिनिटं शिल्लक. टोलेडो वीस, लुईव्हिल सतरा. लुईव्हिलची चढाई स्वतःच्या पस्तीस यार्डावर. बॉगनने छान झेल घेतला, वळला, आणि आमच्या माणसाने त्याच्या कोपरावर असा तडाखा दिला की चेंडू हातून निसटला. त्यांच्याच एकाने तो परत पकडला म्हणून वाचले. मी दुर्बीण लावली ती सरळ प्रुइटवर. त्याने ओठ आवळले, डावी बाही पुढे घेतली आणि दोन बोटं झटकली. त्याच्या ओठांवर काय होतं ते वाचायला मला दुर्बिणीची गरज नव्हती.

बॉगन मान खाली घालून कडेकडे चालू लागला. मी जागेवरून उठले. "सांग!" मी वरच्या काचेकडे बघून ओरडले. "कॉर्नेल, सांग त्यांना!" माझ्या पुढचा माणूस म्हणाला, "बाई, खाली बसा की." मी त्याला काय म्हटलं ते इथे लिहीत नाही.

वर कॉर्नेलने दुर्बीण खाली ठेवली होती. तो गसला म्हणाला, "बॉगन हवा खातोय."

"काय खातोय?"

"शिक्षा आहे ती. पुढच्या तीन चाली त्याच्याकडे चेंडू फेकायचा नाही असा हुकूम आहे. त्याच्यावरचा माणूस आत घे. तुझे अकरा, त्यांचे दहा."

"आणि फेकला तर?"

"माझ्या नावावर."

गसने त्याचं ऐकलं. आमचा कडेचा माणूस बॉगनला तिथेच सोडून आत धावत आला. स्टेडियममध्ये एकच गलका झाला, कारण व्यावसायिक सामन्यात चढाईवाल्याला असं मोकळं सोडलेलं कोणी पाहिलं नव्हतं. चेंडू आत दिला गेला आणि पळणाऱ्याच्या अंगावर आमचे चार जण एकदम पडले. दोन यार्ड मागे. दुसऱ्या चालीत त्यांचा क्वार्टरबॅक ह्यूएट मधोमध फेकायला जागा शोधत होता, तर आमचा जादा माणूस मोकळाच आला आणि त्याने ह्यूएटला आडवा केला. आणखी आठ यार्ड मागे. मी नाचत होते. नऊ वर्षांचं मुरलेलं सगळं एकदम बाहेर येत होतं. प्रुइटची टोपी हातात आली होती आणि तो सहाय्यकावर हात उगारून बोलत होता. झटक आणखी बाही, मी ओरडत होते, झटक!

तिसरी चाल. आता लुईव्हिलला वीस यार्ड पुढे जायला हवं होतं, आणि हवेत माणूस तसाच. बॉगन कमरेवर हात ठेवून उभा. त्याच्या आजूबाजूला पंधरा यार्डांत कोणी नाही. सबंध स्टेडियम त्याच्याकडे बोट दाखवून हसत होतं. मीही हसत होते, हे मला लपवायचं नाही.

कॉर्नेलने मात्र दुर्बीण ह्यूएटवर लावली होती. ह्यूएटने खेळाडूंना रांगेत उभं केलं. एकदा प्रुइटकडे पाहिलं. मग मान वळवून बॉगनकडे पाहिलं. जितका वेळ बघायला नको तितका वेळ पाहिलं. बॉगनने कमरेवरचे हात खाली सोडले.

एवढंच. पण कॉर्नेलसारख्या माणसाला तेवढं पुरतं. तो स्वतः दोन वर्षं त्या जागी उभा राहिला होता, आणि त्या दोन वर्षांत एकाही क्वार्टरबॅकने त्याच्याकडे असं पाहिलं नव्हतं. अजून पाच सेकंद होते. "माणूस परत पाठव," एवढे तीन शब्द बोलायचे होते.

गसला वाटलंच काहीतरी. कानात त्याचा आवाज आला, "कॉर्नेल? अजून हवाच ना?"

"हवाच," कॉर्नेल म्हणाला.

ह्यूएटने चेंडू हातात येताच बॉगनकडे फेकला. बॉगनने तो झेलला, वळला आणि पळाला. त्याला अडवायला वाटेत कोणी नव्हतंच. शेवटच्या रेषेजवळ आमचा एक जण तिरका धावत आला, तो याच्या टाचेलाही शिवला नाही. टचडाउन. वरची किक धरून सात गुण. मग बॉगन चेंडू घेऊन हळूहळू, त्याच्या त्या चालीने, सबंध मैदान ओलांडून प्रुइटपर्यंत आला आणि चेंडू त्याच्या पोटात ठेवला. प्रुइटने तो घेतला, दुसरं काय करणार.

चोवीस-वीस. तसाच सामना संपला. आमचा हंगामही.

मी कर्मचाऱ्यांच्या दाराबाहेर उभी होते. तिथे भिंतीवर टीव्ही आहे. त्यावर प्रुइट आला. पत्रकार त्याला विचारत होता की बॉगनला आमिष म्हणून मोकळं ठेवायची ही कल्पना सुचली कशी. आणि त्या माणसाने तोंड भरून श्रेय घेतलं. "आठवडाभर तयारी केली होती. दोनदा मोकळा ठेवला, तिसऱ्यांदा मासा गळाला लागला." माझ्या डोळ्यांत पाणी आलं, रागाने. याचं सगळंच सोनं होतं का?

मग त्याच माइकपुढे बॉगन आला. घाम पुसत होता. पत्रकाराने त्याला तोच प्रश्न केला.

"तयारी?" बॉगन म्हणाला. "कसली तयारी? माझ्या हातून चेंडू सुटला म्हणून कोचनी मला हवा खायला पाठवलं होतं. चुकलं की पाठवतात. तीन चाली कडेला उभं राहायचं. ह्यूएटला सांगितलेलं असतं, याच्याकडे बघायचं पण नाही. आज त्यांनी सांगितलं आणि ह्यूएटने बघितलं, एवढंच." मागे उभा असलेला प्रुइट कॅमेऱ्यात दिसत होता. नऊ वर्षं मी ज्या चेहऱ्याची वाट पाहत होते तो चेहरा मला तिथे, भिंतीवरच्या टीव्हीवर, फुकटात बघायला मिळाला. शेजारचा सफाईवाला हसून म्हणाला, "हवा खायला? मोठ्या माणसाला?"

पुढचं तुम्ही ओळखलंच असेल. आठवड्याभरात सगळ्या देशाने बाह्या झटकायला सुरुवात केली. लुईव्हिलच्या पुढच्या सामन्यात समोरच्या संघाचे सगळे चाहते एकदम बाही झटकत होते, आणि समोरच्या बचावाने प्रुइटची बोटं हलली की आपला माणूस आत घेतला. लुईव्हिल सव्वीस गुणांनी हरलं. आजवर तोंड बंद ठेवलेले चौदा जुने खेळाडू एकेक करून बोलले. मार्चमध्ये प्रुइटला काढलं. त्या दिवशी मी ओव्हनमध्ये रताळ्याचा गोड 'स्वीट पोटॅटो पाय' भाजला आणि ग्रेडीलासुद्धा दिला.

पण ते सगळं नंतरचं. त्या दुपारी कॉर्नेल दारातून बाहेर आला तेव्हा त्याच्या गळ्यात ओळखपत्र नव्हतं. दुर्बिणीची पेटीही नव्हती. आम्ही गाडीत बसलो.

"गसने विचारलं, तिसऱ्यांदा दिसलं नाही का," तो म्हणाला. "मी म्हटलं, दिसलं होतं. सांगितलं नाही."

मला क्षणभर कळेचना. मग कळलं, आणि मी किल्ली सोडून त्याच्याकडे वळले. "दिसलं होतं? तुला दिसलं होतं? देवा रे! हातातोंडाशी आलेला घास! तू प्रुइटला सामना जिंकून दिलास!"

"प्रुइट कुठे जिंकला?"

"मग कोण जिंकलं, मी?"

"तो हरला असता तर घरी जाऊन म्हणाला असता, बॉगनमुळे हरलो. जसं माझ्याबद्दल म्हणाला," कॉर्नेल म्हणाला. तो शांत होता, पण हात मांडीवर घट्ट मिटलेले होते. "तुला तो हरायला हवा होता, जून. मला नको होता. तो तिथे उभा असताना कोणीही त्याचं ऐकू नये, एवढंच मला हवं होतं. त्याचा शब्द मोडला म्हणून त्याचा संघ जिंकला, आणि हे त्याला मरेपर्यंत ठाऊक राहणार."

काच धुरकट झाली होती. मी बाहीने पुसली. समोर लोक आपापल्या गाड्या शोधत चालले होते, टोलेडोचे सगळे माना खाली घालून. त्यांतल्या कोणाला कळलं असतं तर त्यांनी आमची गाडी उलटी केली असती, आणि त्यांचं काही चुकलं नसतं. गस मिकुलिचने याला कारखान्यातून उचलून आणलं होतं. त्या भल्या माणसाच्या कानात माझा नवरा खोटं बोलला होता, आयुष्यात पहिल्यांदा, ठरवून.

"आणि तुझी नोकरी?" मी विचारलं.

"फुकटात सूड मिळतो का, जून?" तो म्हणाला. "चल, घरी मुलं वाट बघत असतील."